वार्गाचे लोणी आणि आफ्केची मुले

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



‘सहकार आणि समाजवाद’ या विषयावर बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. वर्गात मी या विषयावर पुष्कळ वर्षे बोललो आहे. रॉचडेलच्या अठ्ठावीस विणकरांपासून, म्हणजे १८४४ पासून आरंभ करावयाचा, जर्मनीतील राइफायझेनला नमस्कार करावयाचा, आणि धनंजयराव गाडगीळांच्या प्रवरेवर येऊन थांबावयाचे, असा तो ठरलेला पालखीमार्ग. या मार्गात तत्त्वे भेटतात, माणसे फारशी भेटत नाहीत. म्हणून आज मी एका खेड्याविषयीच बोलणार आहे. ते खेडे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नसेल. मीही पाहिलेले नाही, वाचलेले आहे.

वार्गा हे त्याचे नाव. नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रिसलंड नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी लेवार्डेन, आणि तिच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर हे गाव. तेथील लोकांची भाषा डच नव्हे, फ्रिसियन. त्या भाषेत गावाचे नाव ‘वेर्गेआ’ असे आहे आणि आता अधिकृत नावही तेच आहे. वस्ती दीड-दोन हजारांच्या आतली, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम ग्रामपंचायतीएवढी. अशा गावाचा इतिहास सांगण्याचे कारण काय? कारणे दोन आहेत. नेदरलँड्समधील पहिली सहकारी दूधप्रक्रिया संस्था १८८६ साली या गावात निघाली. आणि त्या देशातील गरिबीवरचे सर्वांत लोकप्रिय मुलांचे पुस्तक, १९०३ साली प्रसिद्ध झालेले, याच गावातील एका मजूर कुटुंबावर बेतलेले आहे. सहकाराचा इतिहास लिहिणारे पहिली गोष्ट सांगतात, वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे दुसरी. त्या दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत, याचा अर्थ काय, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम जमिनीविषयी. फ्रिसलंड हा समुद्रसपाटीला टेकलेला, पुष्कळ ठिकाणी तिच्याही खाली गेलेला मुलूख. बांध घालण्याची विद्या येण्यापूर्वी तेथील माणसे चिखल, शेण आणि कचरा यांचे थरावर थर चढवून टेकाडे उभारीत आणि त्यांवर घरे बांधीत. अशा टेकाडांना ‘टेर्प’ म्हणतात. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात ही किनारपट्टी पाहून लिहिले आहे, की भरतीच्या वेळी हे लोक जहाजावरच्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटीच्या वेळी जहाज फुटलेल्यांसारखे. चिखल वाळवून तो जाळणाऱ्या या दरिद्री लोकांचे त्याला मोठे नवल वाटले. ते जळण म्हणजे दलदलीतील ‘पीट’ होते, आणि पुढे अनेक शतके त्या देशाच्या चुली त्यावरच पेटल्या. वार्गा हे गावही पाण्यातलेच, तळी आणि कालवे यांनी वेढलेले. जवळचे एक तळे सतराव्या शतकात उपसून त्याची जमीन करण्यात आली. अशा ओल्या, भुसभुशीत जमिनीत धान्य धड येत नाही, गवत मात्र उदंड येते. म्हणून हा गायींचा मुलूख झाला.

मध्ययुगात फ्रिसलंडमध्ये सरंजामदार नव्हते, या गोष्टीचा तेथील लोकांना आजही अभिमान आहे. युरोपभर कुणबी जमिनीला जखडलेला असताना येथे स्वतंत्र शेतकऱ्यांच्या सभा आपला कारभार पाहत. १४९८ साली सॅक्सनीच्या ड्यूकने हे स्वातंत्र्य संपविले. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यापुढची गोष्ट अधिक उद्बोधक वाटेल. जुन्या स्वातंत्र्याचा एक अवशेष पुढे टिकून राहिला: स्थानिक अधिकारी आणि प्रांतिक सभेचे प्रतिनिधी निवडण्याचा मताधिकार. मात्र हे मत माणसाला नव्हते, ते शेतवाडीला चिकटलेले होते. ज्या वाडीला जुना हक्क होता तिच्या मालकाला एक मत, चार वाड्यांच्या मालकाला चार मते. मग काय होणार? उमराव घराण्यांनी आणि शहरातील सधनांनी पिकासाठी नव्हे, मतांसाठी वाड्या विकत घेतल्या. शेतकरी त्याच गोठ्यात, त्याच गायींमागे राहिला, परंतु कूळ म्हणून, आणि मत लेवार्डेनच्या वाड्यात जाऊन बसले. ही व्यवस्था १७९५ च्या क्रांतीपर्यंत चालली. निवडणुकीसाठी पैसा लागतो, अशी तक्रार आपण करतो. तेथे निवडणूक हीच स्थावर मालमत्ता झाली होती.

क्रांतीने मत सोडविले, जमीन सोडविली नाही. एकोणिसाव्या शतकात या गवताळ मुलखातील बहुसंख्य शेतकरी खंडाने जमीन कसणारे होते. कूळ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर लंगोटी लावलेला माणूस येतो, तसा हा नव्हे. त्याच्याकडे चांगल्या गायी असत, गडी आणि मोलकरणी असत, आणि शतकाच्या मध्यापर्यंत त्याला भावही उत्तम मिळे. त्याचे मुख्य पीक लोणी. ते घरी होई आणि बायकांच्या हातचे असे. शेतकऱ्याची बायको आणि तिची मोलकरीण दूध विरजून, घुसळून, मीठ लावून लोणी लाकडी पिंपांत भरीत. पिंपे होडीने लेवार्डेनच्या वजनघराकडे जात. तेथे व्यापारी सळई खुपसून चव घेई, भाव ठरे, आणि माल लंडनला रवाना होई. लंडनच्या बाजारात फ्रिसियन लोण्याचे नाव फार मोठे होते.

ते नाव १८७० नंतर बुडू लागले. त्याची कारणे आपण थोडी तपशिलाने पाहू, कारण शेतमालाच्या बाजारात माणसे कशी भरडली जातात याचा हा स्वच्छ नमुना आहे. आगगाडी आणि आगबोट यांमुळे अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात येऊ लागला आणि १८७८ च्या सुमारास शेतमालाच्या भावांची जी घसरण सुरू झाली ती १८९५ पर्यंत थांबली नाही. लोण्यापुढे दुसरेही संकट होते. फ्रान्समध्ये मेझ-मुरिए नावाच्या रसायनज्ञाने १८६९ साली गुरांच्या चरबीपासून कृत्रिम लोणी तयार केले होते. दक्षिण नेदरलँड्समधील ऑस या गावच्या लोणी-व्यापाऱ्यांनी ते तंत्र उचलले आणि १८७१ पासून मार्गारिनचे कारखाने काढले. लवकरच काही व्यापारी चांगल्या लोण्यात मार्गारिन मिसळून ते लोणी म्हणून विकू लागले. डच संसदेने लोण्याविषयीचा कायदा केला तो १८८९ साली, म्हणजे नाव जावयाचे तेवढे गेल्यानंतर. त्याच ऑसच्या दोन घराण्यांचे धंदे पुढे एकत्र झाले आणि १९२९ च्या करारानंतर इंग्रज साबण-कारखानदारांशी मिळून ‘युनिलिव्हर’ झाले. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकात याच कंपनीने ‘डालडा’ आणला. मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना होता. बनावट तुपावर आपल्या वडीलधाऱ्यांनी जो संताप केला, तो फ्रिसियन शेतकऱ्याने साठ वर्षे आधी केलेला होता, एवढे ध्यानात ठेवा.

तिसरे कारण डेन्मार्क. डेन लोकांनी कष्टाने आपल्या लोण्याची एकसारखी प्रत राखली. घरोघरीच्या लोण्यात हे जमत नाही. एका सुनेचे खारट होते, दुसरीचे आंबट. लंडनच्या दुकानदाराला हजार पिंपे एका चवीची हवी होती. १८७८ साली स्वीडनच्या लावाल याने दुधातून साय वेगळी काढणारे फिरते यंत्र तयार केले आणि मग लोणी घरी करणे हाच तोट्याचा व्यवहार ठरू लागला. डेन्मार्कमध्ये हिएडिंग येथे शेतकऱ्यांनी १८८२ साली सहकारी कारखाना काढला. फ्रिसलंडमध्ये त्याआधीच, १८७९ साली, फेनवाउडेन या गावी पहिला वाफेवरचा कारखाना निघाला होता, पण तो खाजगी. खाजगी कारखान्याने लोण्याचा प्रश्न सोडविला, शेतकऱ्याचा नव्हे. दूध नासणारा माल आहे. सकाळी काढलेले दूध संध्याकाळपर्यंत विकले गेलेच पाहिजे. घरचे लोणी पिंपात ठेवून शेतकरी आठ दिवस भावाची वाट पाहू शकत असे. कारखान्याच्या दारात कॅन घेऊन उभा राहिलेला शेतकरी आठ तासही थांबू शकत नाही. यंत्र आले आणि घासाघीस करण्याची त्याची शक्तीच गेली. हे ज्यांनी ओळखले, ते वार्गाचे शेतकरी.

१८८६ साली त्यांनी आपला कारखाना काढला. सहकारी संस्थांचा डच कायदा १८७६ चा होता, त्यामुळे कायदेशीर चौकट तयार होती. तत्त्व साधे होते. कारखाना दूध घालणाऱ्यांचा. लोणी विकून जे येईल त्यातून खर्च वजा जाता उरेल ते दूध घालणाऱ्यांना, ज्याने जेवढे घातले असेल त्या प्रमाणात. या मुलखात रस्ते थोडे आणि कालवे फार, म्हणून दूध होड्यांनी गोळा केले जाई. पुढे बॅबकॉक आणि गर्बर यांच्या स्निग्धांश मोजण्याच्या पद्धती आल्या आणि पाणी घालणाऱ्याला पाण्याचे पैसे मिळेनासे झाले. आपल्या दूधकेंद्रांवर पहाटे जी ‘फॅट’ची चर्चा चालते तिचे मूळ येथे आहे. वार्गाचे पाहून शेजारच्या गावांनी कारखाने काढले. १८९७ साली फ्रिसलंडमधील सहकारी कारखान्यांचा संघ स्थापन झाला, १८९८ साली त्यांची स्वतःची निर्यातसंस्था निघाली, १९१३ साली लेवार्डेनला दूध आटवून डबाबंद करण्याचा सहकारी कारखाना उभा राहिला. पंचवीस-सत्तावीस वर्षांत, बाजारात नागवला गेलेला शेतकरी गोठ्यापासून लंडनच्या धक्क्यापर्यंत आपल्या मालाचा मालक झाला. हे यश लहान नाही. सरकारी भागभांडवल नव्हते, मंत्र्याच्या हस्ते कोनशिला नव्हती. मी सहकाराचा टीकाकार म्हणून येथे उभा नाही, हे स्पष्ट असावे.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळतो.

त्याच वर्षांत त्याच प्रांतात समाजवादी चळवळ पेटली होती. फर्डिनांड डोमेला न्यूवेनहाउस हा मूळचा लुथरन पाद्री. त्याने धर्मपीठ सोडले आणि तो कामगारांत आला. राजाचा अवमान केल्याच्या आरोपावरून १८८७ साली त्याला तुरुंगात टाकण्यात आले. १८८७ च्या घटनादुरुस्तीने मताधिकार थोडा विस्तारला, आणि पुढच्याच वर्षी फ्रिसलंडमधील स्खोटरलंड मतदारसंघातून तो निवडून आला. डच संसदेतील हा पहिला समाजवादी. पीट खणणारे मजूर त्याला आपल्या भाषेत ‘आमचा तारणहार’ म्हणत. १८९० साली उत्तरेकडील हेट बिल्ट भागात शेतमजुरांनी संप केला. त्यांच्या संघटनेच्या नावाचा अर्थ ‘बंधुनिष्ठा’ असा होतो. १८९४ साली सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्ष स्थापन झाला तेव्हा त्याचा नेता पीटर येलेस त्रूलस्त्रा हाही फ्रिसियनच होता. लेवार्डेनचा वकील, आणि फ्रिसियन भाषेतला चांगला कवी.

म्हणजे पाहा: १८८६ ला वार्गाचा सहकारी कारखाना, १८८८ ला स्खोटरलंडचा विजय, १८९० ला बिल्टचा संप. एकच मंदी, एकच प्रांत, चार वर्षांचे अंतर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की ही एकाच चळवळीची तीन अंगे असावीत. वस्तुतः त्यांची एकमेकांशी गाठच पडली नाही. का पडली नाही, हे समजून घेण्यासाठी आपल्याला त्रूलस्त्राच्या घरात जावे लागेल.

त्रूलस्त्राची पत्नी श्यूक्ये बोकमा द बूर. तिने निंके फान हिख्तुम या टोपणनावाने लेखन केले. त्यांच्या घरी वार्गाची एक मुलगी कामाला होती. तिच्या घरची, तिच्या आईची, भावंडांची हकीकत या लेखिकेने ऐकली, आणि त्यातून १९०३ साली ‘आफ्केची दहा’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक तयार झाले. एक मजूर बाप, आफ्के नावाची आई आणि दहा मुले. पैसा नाही, जागा नाही. आई सर्वांना स्वच्छ ठेवते, माया देते, लाचारी शिकवीत नाही. या वर्गात ‘श्यामची आई’ न वाचलेला कोणी नसेल, त्यामुळे हे वातावरण मी अधिक समजावून सांगत नाही. डच घरांत पिढ्यान् पिढ्या मुलांना हे पुस्तक वाचून दाखविले गेले.

या पुस्तकावर एक आक्षेप घेता येतो. लेखिका समाजवादी, तिचा नवरा पक्षाचा नेता, आणि पुस्तकात बंड कोठेच नाही. गरिबी ही पावसासारखी आलेली आहे आणि आई छत्री धरून उभी आहे. आक्षेप खोटा नाही. पण मला ते पुस्तक दुसऱ्याच कारणाने महत्त्वाचे वाटते. आफ्केच्या घराचा नमुना ज्या गावात होता, त्या गावात तेव्हा देशातील पहिला सहकारी कारखाना चालू होता. त्याच्या धुराड्याचा धूर आफ्केच्या दारातून दिसत असला पाहिजे. आणि आफ्केचा नवरा त्याचा सभासद होऊ शकत नव्हता. नियमात मजुरांना बंदी होती म्हणून नव्हे. सहकारी दूधसंस्थेचा सभासद होण्यास दूध लागते, दुधास गाय लागते, आणि गायीस जमीन. मजुराकडे फार तर एखादी शेळी. शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणण्याची रीत त्या देशातही आहे. पण तिच्या दुधासाठी कारखान्याची होडी थांबत नाही.

वर जी जुनी गोष्ट सांगितली तिच्याशी हे ताडून पाहावे. तीनशे वर्षे मत शेतवाडीला होते. आता सभासदत्व गायीला लागले. माणूस या नात्याने कोणी त्या कारखान्याचा धनी झाला नाही.

याहून बारीक एक गोष्ट आहे, आणि ती बहुधा ग्रंथांच्या निर्देशांकात सापडणार नाही. लोणी घरी होत होते तेव्हा ताकही घरीच उरे. या ताकात बार्ली शिजवून केलेली पेज हे फ्रिसियन मजुरांचे नेहमीचे अन्न होते. शेतकऱ्याच्या घरून ताक स्वस्तात मिळावे, क्वचित कामाबरोबर मिळावे, हा गावगाड्याचा भाग होता. घुसळण कारखान्यात गेली तेव्हा ताकही कारखान्यात गेले. तेथे त्याचा हिशेब होऊ लागला. साय काढलेले दूध परत आले ते वासरांसाठी आणि डुकरांसाठी. सभासदाच्या खात्यावर दर शेकड्याला जास्त पैसे पडले, आणि मजुराच्या पातेल्यातून ताक गेले. हे कोणी दुष्टपणाने केले नाही. कोणी ठराव केला नाही. आपल्या गावांत दूध डेअरीला जाऊ लागल्यानंतर शेजारणीने तांब्या घेऊन ताक मागायला येणे कसे बंद झाले, हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. मी तरी पाहिले आहे. आणि लोण्याचे काय? लोणी लंडनला गेले. नेदरलँड्समधील कामकरी घरांत भाकरीला मार्गारिन लागे. शेतकऱ्याचा गळा ज्या मार्गारिनने आवळला होता, तेच त्याच्या गाई पिळणाऱ्या मजुराच्या ताटात होते.

येथे दोन्ही चळवळींची अडचण लक्षात येते. समाजवाद्यांनाही सहकार माहीत होता, पण तो ग्राहकांचा. शहरांतील कामगारांनी पावाच्या भट्ट्या काढल्या होत्या, हेगमध्ये १८७९ पासून. त्या सहकाराला पाव आणि लोणी स्वस्त हवे. वार्गाच्या सहकाराला लोणी महाग विकावयाचे होते. तागडीच्या दोन पारड्यांत बसलेले हे दोन सहकार. त्यांच्यात समझोता व्हावयाचा तर तो मुद्दाम, विचारपूर्वक घडवावा लागला असता, आणि त्याला सैद्धांतिक अडसर होता. त्या काळचे बहुतेक मार्क्सवादी असे मानत, की छोटा शेतकरी हा संपुष्टात येत चाललेला वर्ग आहे. मोठे भांडवल त्याला गिळणार, तो मजूर होणार, आणि मग तो आपोआप आपल्याकडे येणार. डच पक्षाने १८९७ साली शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला आणि त्यात मजुरांना व लहान शेतकऱ्यांना जमीन मिळवून देण्याची भाषा केली, तेव्हा पक्षातील शुद्धतावाद्यांनी गहजब केला: मालकीची भावना वाढविणे हे आपले काम आहे काय? वाद अनेक वर्षे चालला. तेवढ्या अवधीत शेतकऱ्यांनी निर्यातसंस्था काढली. छोटा शेतकरी संपला नाही, त्याने मधल्या व्यापाऱ्याला संपविले. सिद्धान्ताने ज्याची अंत्ययात्रा काढली होती तो मनुष्य सभेत बसून ताळेबंद वाचत होता. मग त्याने मत कोणाला दिले असेल? समाजवाद्यांना नव्हे. त्याच्या लेखी समाजवादी म्हणजे त्याच्या गड्याला जास्त मजुरी मागायला शिकविणारे लोक.

दोष एकीकडचाच होता असे मी म्हणत नाही. शेतकऱ्यांच्या संस्थेलाही आपल्या दाराबाहेरचा माणूस दिसला नाही. बाजारात आपण नाडले जातो हे ज्याला इतके स्वच्छ कळले, त्याला आपल्या गोठ्यातील बाजार कळू नये, याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. आपल्याकडे ऊस लावणारा कारखान्याचा सभासद आहे, ऊस तोडणारा नाही.

पुढे वार्गाचे आणि फ्रिसलंडचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मजूर निघून गेले. मंदीच्या वर्षांत पुष्कळ फ्रिसियन मजूर अमेरिकेला गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडाला. उरलेल्यांची गरज दूध काढणाऱ्या यंत्राने संपविली. त्रूलस्त्राच्या पक्षाने पुरुषांचा सार्वत्रिक मताधिकार १९१७ साली आणि स्त्रियांचा १९१९ साली आलेला पाहिला. म्हातारपणाचे निवृत्तिवेतन, बेकारी विमा ही छत्रे पुढे उभी राहिली. आफ्केच्या नातवंडांची गरिबी गेली ती या मार्गाने, सहकारी कारखान्याच्या मार्गाने नव्हे. मजुरांचा प्रश्न सहकाराने सोडविला नाही, मजूरच शिल्लक राहिले नाहीत.

कारखान्यांचेही तेच झाले. गावोगावचे कारखाने एकमेकांत विलीन होत गेले आणि २००८ साली ‘फ्रिसलंड-कँपिना’ ही प्रचंड संस्था झाली. ती कागदोपत्री अजून शेतकऱ्यांच्या सहकाराच्या मालकीची आहे आणि तिचे कारखाने अनेक देशांत आहेत. सभासद वार्गाच्या सभागृहात बसून तिचा ताळेबंद तपासू शकेल, असे मात्र आता कोणी म्हणणार नाही. युरोपीय बाजाराच्या हमीभावामुळे दूध इतके वाढले की लोण्याचे अक्षरशः डोंगर साचले. १९८४ साली दुधावर कोटा लावावा लागला, २०१५ साली तो उठविला. गायी पुन्हा वाढल्या, शेणमुताचा नायट्रोजन जमिनीत मावेना, आणि २०१९ साली तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने सरकारची नायट्रोजन-योजना बेकायदा ठरविली. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर गेले. एकसुरी गवताच्या त्या कुरणांत, ज्या पाणपक्ष्याला डच लोकांनी २०१५ साली राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडले, त्याला घरटे करावयास जागा उरत नाही अशी स्थिती आहे.

त्या लोण्याच्या डोंगराशी आपलाही संबंध आला, हे येथे सांगितलेच पाहिजे. १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले तेव्हा त्याचे भांडवल उभे राहिले ते युरोपीय समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमातर्फे देणगी दिलेल्या दूधभुकटीच्या आणि लोणीतेलाच्या विक्रीतून. मुंबईसह चार महानगरांच्या डेअऱ्यांत ते दूध झाले. युरोपच्या शिलकीतून आपल्या दूधसंस्था वाढल्या. गायही तिकडूनच आली. तुमच्या गोठ्यातील काळी-पांढरी ‘एच.एफ.’, तिच्यातील शेवटचे अक्षर फ्रिसलंडचे आहे. अमेरिकेत वाढविलेली तिची जात मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला स्थापन केलेल्या संस्थेने आणि इतरांनी संकराद्वारे आपल्या खेड्यांत पोहोचविली. लेवार्डेनच्या चौकात त्या गायीचा १९५४ साली बसविलेला पुतळा आहे. लोक त्याला ‘उस मेम’ म्हणतात. अर्थ: आमची आई. गायीला आई म्हणणारे आपण एकटेच नाही. फरक एवढाच, की ते लोक तिच्यावरून निवडणुका लढवीत नाहीत.

गाय आली, फॅट मोजण्याचे यंत्र आले, संस्थेचे उपविधी आले. आणि सभासदाच्या व्याख्येतील तो जुना प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. आपल्याकडे त्याचे रूप थोडे निराळे आहे. वार्गात दूध काढणारा मजूर बाहेर राहिला. आपल्या बहुतेक घरांत गोठा झाडणारी, वैरण आणणारी, पहाटे धारा काढणारी घरची बाई असते, आणि संस्थेच्या पुस्तकात नाव नवऱ्याचे असते. बिलाचे पैसे त्याच्या खात्यावर. संचालक मंडळावर कायद्याने दोन स्त्रिया घ्याव्या लागतात म्हणून घेतल्या जातात, आणि त्यांतील कितीजणी स्वतः दूध घालतात हे विचारण्याचा प्रघात नाही. भूमिहीन दलित वस्तीतील ज्या घरांनी कर्ज काढून एक गाय घेतली, त्यांचे दूध संस्था घेते, पण त्यांना सभासद करून घेते काय? की ‘बिगर-सभासद उत्पादक’ म्हणून वेगळ्या वहीत, बोनसाशिवाय, त्यांची नोंद राहते? काही ठिकाणी मी दुसरा प्रकार पाहिला आहे. गावांची नावे येथे सांगत नाही.

म्हणून आजच्या वर्गातून निघताना एक काम अंगावर घ्यावे, अशी विनंती आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. त्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावच्या दूधसंस्थेची सभासद-नोंदवही मागून घ्यावी. सभासदाला ती पाहण्याचा अधिकार आहे. चिटणीस टाळाटाळ करील, तेव्हा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तीन आकडे काढावेत: एकूण सभासद किती, त्यांत स्त्रिया किती, आणि रोज दूध घालणारे पण नोंदवहीत नाव नसलेले किती. तिसरा आकडा वहीत सापडणार नाही. त्यासाठी पहाटे पाच वाजता केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहावे लागेल. हे आकडे ऑक्टोबरच्या बैठकीत घेऊन यावेत, म्हणजे पुढची चर्चा आपण वार्गावर न करता आपल्या गावांवर करू.